संताजी घोरपडे मागे का पडले? सेनापतींच्या प्रसिद्धीचं गणित नेमकं काय असतं?

सह्यगंध (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मोगलांची घोडी पाणी प्यायला तयार नसत, कारण त्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसत. हे शाळेपासून सगळ्यांना पाठ आहे. पण संताजीची एखादी लढाई सांगा म्हटलं की बहुतेकांची गाडी तिथेच अडते. कुठे लढला, कुणाशी लढला, गेला कसा, काही माहीत नसतं.

आता त्या माणसाचं काम बघा. नोव्हेंबर १६९५. औरंगजेबाने कासिमखानाला संताजीवर पाठवलं आणि मदतीला खानाजादखानासारखे दरबारातले खासे सरदार दिले. संताजीने आधी पुढे पाठवलेले त्यांचे तंबू लुटून जाळले. मग फौज दोन्हीकडून दाबत दाबत आजच्या चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या दोड्डेरीच्या गढीत कोंडली. गढी लहान, दाणागोटा थोडा. आत काय हाल झाले ते खाफीखानाने लिहून ठेवलंय, म्हणजे मोगलांच्याच बाजूच्या माणसाने. छपरांवरचं गवत संपल्यावर जनावरं एकमेकांची शेपटी चघळायला लागली होती. कासिमखान आतच मेला. कुणी म्हणतं विष घेतलं, कुणी म्हणतं अफू तुटल्यामुळे. बाकीच्यांनी वीस लाखांची खंडणी कबूल करून जीव वाचवला. त्यानंतर दोनेक महिन्यांत, जानेवारी १६९६ मध्ये, बसवापट्टणजवळ हिम्मतखानही संताजीशी लढताना पडला.

आणि हे सगळं बादशहा स्वतः दक्षिणेत मुक्काम ठोकून असताना.

तरीही पुतळे, गाणी, मालिका, चौकांची नावं यांत संताजी कुठे आहे? माझं मत असं की लोकांच्या लक्षात लढाई राहत नाही, शेवट राहतो. संताजीचा शेवट आपल्याला सांगायला अडचणीचा आहे. राजारामांशी बिनसलं, आपल्याच फौजेशी लढाई झाली आणि जून १६९७ मध्ये म्हसवडच्या नागोजी मान्यांनी त्याला मारलं. मारणारा मोगल असता तर आज घरोघरी तसबीर असती.

तुम्हाला काय वाटतं? फक्त मराठेच नको, इतर उदाहरणंही येऊ द्या.

पेठकर

पहिला नंबर माझा. वाचतोय. सविस्तर उद्या, आज मॅच आहे.

निशिगंधा

धाग्याशी सहमत, आणि प्रतापराव गुजर हे तर तुमच्या मताचं हुकमी उदाहरण. फेब्रुवारी १६७२ ला साल्हेरला प्रतापराव आणि मोरोपंत पिंगळ्यांनी उघड्या मैदानात मोगल फौज मोडली. डोंगरातला छापा नव्हता, समोरासमोर झालेली लढाई होती. इखलासखानासकट मोठमोठे सरदार हाती लागले. त्या तोलाचा विजय त्या काळात शोधून सापडायचा नाही.

पण साल्हेर विचारा कुणाला. "तो सर्वात उंच किल्ला ना? ट्रेक केलाय" एवढंच उत्तर येतं. नेसरी मात्र शाळकरी पोरालाही माहीत. २४ फेब्रुवारी १६७४, सात घोडेस्वार, समोर बहलोलखानाची फौज, सातही जण गेले. लष्करी हिशोबाने स्वराज्याने तिथे सरनोबत गमावला आणि बदल्यात हाती काहीच आलं नाही. पण त्यावर कविता झाली, चाल लागली, रेडिओवर वाजली. साल्हेरच्या नशिबी कवी नव्हता.

बखरबहाद्दर

निशिगंधाताई, कवी नसेल पण बखर लिहिणारा सभासद होता की. साल्हेरला पडलेल्या सूर्यराव काकड्यांना त्याने महाभारतातल्या कर्णाच्या पंगतीला बसवलंय. तरी सूर्यराव कुणाला आठवत नाहीत. म्हणजे लिहून ठेवणं पुरत नाही, ते पुन्हा पुन्हा कुणीतरी गायला लागतं.

काडीवाला

पुण्यामुंबईतला सर्वात प्रसिद्ध सेनापती कोण? सेनापती बापट. रोज लाखो लोक त्यांच्या नावाच्या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकून त्यांची आठवण काढतात. त्यांनी मुळशीला सत्याग्रह केला, फौज एकही नव्हती. विषय संपला, धागा बंद करा :)

करवीरकर

काडीवाले, तुम्ही सुधारायचं नाही.

सह्यगंध, 'शेवट अडचणीचा' हे पटतंय पण पुरं पडत नाही. माझ्या मते खरी गोष्ट गादीची आहे. शिंद्यांना ग्वाल्हेर मिळालं, होळकरांना इंदूर, गायकवाडांना बडोदा. संस्थान असलं की दप्तर राहतं, दप्तर राहिलं की इतिहास छापला जातो, छत्र्या बांधल्या जातात, कॉलेजला नाव लागतं. वानवडीची महादजींची छत्री जाऊन बघा आणि मग कुरुंदवाडला संताजींची समाधी बघा. दोन्ही बघितल्यावर मला काय म्हणायचंय ते सांगावं लागणार नाही.

पानिपताच्या मोहिमेचंच घ्या. पानिपतचा वचपा कोणी काढला? सगळे एका सुरात महादजी म्हणणार. महादजी होतेच, त्यांचं मोठेपण कुणी नाकारत नाही. पण १७६९ मध्ये माधवराव पेशव्यांनी उत्तरेत फौज पाठवली तिचे मुख्य होते रामचंद्र गणेश कानडे आणि विसाजी कृष्ण बिनीवाले. १७७१ ला दिल्ली घेतली, १७७२ ला मोगल बादशहा शाहआलम तख्तावर परत बसला, मग रोहिलखंडात शिरून शुक्रताल आणि पत्थरगड घेतला, नजीबखान रोहिल्याच्या पोराला पळवून लावलं. या दोघांच्या मागे संस्थान राहिलं नाही. आज त्यांची नावं सांगितली की लोक विचारतात, कोण हे, फडणीस का?

बेळगावी

करवीरकर, मग सोंडूरचं काय करायचं? घोरपड्यांचंच संस्थान की ते, १९४९ पर्यंत होतं. गजेंद्रगड, गुत्ती, कापशी, घोरपडे घराणं कमी पसरलेलं नाही. कागल तालुक्यातल्या गावाला तर आजही सेनापती कापशी म्हणतात. गादी असली की नाव राहतं म्हणता, मग इथे गाद्या असूनही का नाही राहिलं?

त्याच घरातले गुत्तीचे मुरारराव घोरपडे घ्या. कर्नाटकच्या युद्धांत इंग्रज आणि फ्रेंच दोघेही या माणसाला आपल्याकडे ओढायला बघायचे. त्रिचनापल्लीच्या राजकारणात यांच्याशिवाय पान हलत नव्हतं. शेवटी हैदरच्या कैदेत गेले. इंग्रजी इतिहासात पानोपानी नाव आहे. मराठीत मात्र संशोधक सोडले तर शुकशुकाट. मला वाटतं खरा प्रश्न हा आहे की तुम्ही लढलात कुठे. संताजींची सगळी मोठी कामगिरी कर्नाटकात आणि जिंजीच्या मुलखात. आज ती गावं महाराष्ट्रात नाहीत, सहल काढून कुणी तिथे जात नाही. दोड्डेरी सिंहगडाच्या जागी असतं तर पिठलं-भाकरीच्या टपरीवाल्यालाही लढाई तोंडपाठ असती.

करवीरकर

हे मात्र बरोबर बोललात. सोंडूर कानडी मुलखात गेलं, त्याचा मराठी वाचकाशी संबंध तुटला. म्हणजे गादी हवी आणि ती आपल्या भाषेत हवी, अशी दुरुस्ती करून माझा मुद्दा पुढे रेटतो.

पेठकर

आलो. मॅच हरलो, आता इथे वाद घालतो.

थोरल्या बाजीरावांचं नाव कसं निघालं नाही अजून? पालखेड १७२८. निजामाला तोफांपासून तोडून, पाण्यापासून तोडून, एकही मोठी लढाई न करता तह करायला लावलं. माँटगोमरीसारख्या ब्रिटिश फील्डमार्शलने...

काडीवाला

आला माँटगोमरी! बाजीरावाच्या धाग्यावर माँटगोमरी यायला किती प्रतिसाद लागतात यावर आमची पैज लागलेली असते. यंदा उशीर झाला.

पेठकर

हसा. पण मुद्दा त्यातच आहे. साहेबाने शाबासकी दिली की आपल्याला आपला माणूस मोठा वाटतो. आणि गंमत बघा, एवढा पालखेड करूनही नव्या पिढीला बाजीराव माहीत आहे तो मस्तानीमुळे. आणि भाऊ चिमाजीअप्पा? वसई मे १७३९ मध्ये घेतली. पोर्तुगीजांकडून उत्तर कोकण सोडवलं. किल्ला समुद्रात घुसलेला, भक्कम तटबंदी, सुरुंग लावून बुरूज उडवायचे आणि खिंडारातून चढायचं. दोन्हीकडची माणसं हजारोंनी पडली. माझ्या मते वसई ही पालखेडपेक्षा अवघड कामगिरी. पण मोठ्या भावाच्या सावलीत धाकटा झाकला गेला.

निशिगंधा

चिमाजीअप्पांच्या घंटा मात्र आहेत. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावरची प्रचंड घंटा वसईच्या विजयानंतर आलेली, पोर्तुगीज बनावटीची. भीमाशंकरलाही तशीच एक आहे, तिच्यावर १७२९ साल कोरलंय. मेणवलीलाही आहे. नारोशंकराची तर नाशिककरांच्या बोलण्यातच मुरलीय, मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला आमच्याकडे अजून 'नारोशंकराची घंटा' म्हणतात. गोदेला पूर आला की पाणी कुठपर्यंत चढलं हेही तिच्यावरून सांगतात. पण ती वाजवणाऱ्या कितीजणांना चिमाजीअप्पा ठाऊक आहेत, देव जाणे.

मांडवीकार

गोव्याहून. बाहेरचं उदाहरण मागितलंत म्हणून देतो, तरी ते आमच्या घराजवळचंच आहे.

डिसेंबर १९६१. गोवा मुक्तीची मुख्य जबाबदारी १७ व्या इन्फंट्री डिव्हिजनकडे, मेजर जनरल कँडेथ यांच्याकडे. उत्तरेकडून ५० वी पॅराशूट ब्रिगेड जोडीला होती, काम दुय्यम. तिचे ब्रिगेडियर होते सगत सिंग. हा गडी थांबला नाही. १८ तारखेला संध्याकाळी त्यांची माणसं मांडवीच्या अलीकडे बेतीला पोचली आणि १९ ला सकाळी नदी ओलांडून पणजीत. दुय्यम कामावर पाठवलेल्याने राजधानी गाठली. आमच्याकडच्या जुन्या माणसांना कँडेथ आठवतात, कारण ते नंतर लष्करी गव्हर्नर झाले. सगत सिंग कुणी म्हणत नाही.

पुढे १९६७ ला नथु ला इथे चिन्यांशी जी झटापट झाली तेव्हा त्या भागातल्या डिव्हिजनचे प्रमुख हेच. आणि १९७१ ला चौथ्या कोअरचे प्रमुखही हेच. आशुगंजचा पूल पाकिस्तान्यांनी उडवल्यावर ९ डिसेंबरपासून यांनी एमआय-४ हेलिकॉप्टरांतून माणसं मेघना नदीपार उतरवली. ढाका घ्या असा हुकूम त्यांना मुळात नव्हताच. आता १६ डिसेंबरचा ढाक्यातल्या शरणागतीचा तो प्रसिद्ध फोटो उघडा. टेबलाशी पाकिस्तानचे नियाझी आणि आपले अरोरा बसलेत. मागे उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांत सगत सिंग आहेत. ओळखा बघू कोणते. मी चारचौघांना विचारून पाहिलंय, अजून कुणाला जमलं नाही.

आणि ज्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे ते माणेकशॉ त्या फोटोतच नाहीत.

जुना जाणता

मांडवीकार, मी सैन्यात होतो, फार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. सगत सिंगांबद्दल लिहिलंत, बरं वाटलं. पण माणेकशॉंना कमी लेखू नका. लष्करप्रमुखाचं काम नदी ओलांडणं नसतं. एप्रिलमध्ये चढाई करा म्हणणाऱ्या सरकारला ठाम नकार द्यायचा, पावसाळा जाऊ द्यायचा, हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद होईपर्यंत थांबायचं, तोवर रस्ते, दारूगोळा, रसद उभी करायची. हे त्यांनी केलं म्हणून सगत सिंगांना उडी मारता आली. शिवाय माणसाला बोलता यायचं. जवानांत जाऊन दोन विनोद करणारा साहेब युनिटच्या गप्पांत वर्षानुवर्षं राहतो. मितभाषी माणूस कितीही भारी असला तरी त्याचे किस्से होत नाहीत.

दुसरी एक जात आहे, जिचा कुणी उल्लेख केला नाही. आधी सावध करणारे. आपल्या कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात. पूर्व कमांडचे प्रमुख असताना मार्च १९६० मध्ये लखनौला त्यांनी 'लाल किल्ला' नावाचा युद्धसराव घेतला. चीन कसा येईल, आपण कुठे कमी पडू, किती फौज लागेल, हे सगळं कागदावर मांडून दाखवलं. वरून प्रतिसाद थंड. १९६१ ला लष्करप्रमुखपद त्यांना मिळालं नाही, थापर झाले. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १९६२ मध्ये, चीनने काय केलं ते सांगायला नको. हरलेली लढाई लढणारा निदान शिव्यांमध्ये तरी आठवला जातो. जो म्हणाला होता की असं होईल, त्याला लढायलाच मिळालं नाही, मग त्याचा पुतळा कुठल्या पराक्रमाचा उभारणार?

सह्यगंध (धागाकर्ता)

जाणते काका, ही बाजू माझ्या डोक्यात आलीच नव्हती. थोरात साहेबांवर वेगळा धागा काढा ना.

जुना जाणता

टंकायला वेळ लागतो रे बाबा. बघू.

लंडनस्थ

+१ जाणते काकांना.

इकडचं उदाहरण. दुसऱ्या महायुद्धातला जर्मन सेनापती विचारला तर पोरंसोरं रोमेल म्हणतात. तो आफ्रिकेत शेवटी हरला. पण जर्मन प्रचारयंत्रणेला कॅमेऱ्यासमोर उभं राहणारा नायक हवा होता, आणि ब्रिटिशांनाही 'आम्हाला हरवणारा असातसा नव्हता' म्हणायची सोय हवी होती. दोन्ही बाजूंनी त्याला मोठं केलं.

आता बिल स्लिम. बर्मातून माघार घेतलेली, खचलेली, मलेरियाने पोखरलेली फौज त्याने उभी केली, १९४४ ला इंफाळ-कोहिमाला जपान्यांना मोडलं, पुढच्या वर्षी रंगून. त्याच्या चौदाव्या सेनेला तेव्हाच विस्मृत सेना म्हणत. कारण वर्तमानपत्रांना युरोप जवळचा होता. त्या सेनेत बहुसंख्य माणसं हिंदुस्थानी, आपले मराठेही त्यात. इंफाळच्या वाटेवर सांगशाकला मार्च १९४४ मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन लढली, ते तर भारतातही कुणाला माहीत नाही. २०१३ मध्ये इथल्या राष्ट्रीय लष्कर संग्रहालयाने ब्रिटनची सर्वात मोठी लढाई कोणती यावर मतदान घेतलं, तेव्हा वॉटर्लू आणि नॉर्मंडीला मागे टाकून इंफाळ-कोहिमा पहिली आली. सत्तर वर्षं लागली.

काडीवाला

म्हणजे संताजींचं मतदान अजून व्हायचंय. लावा पोल.

बखरबहाद्दर

वॉटर्लूवरून आठवलं. वेलिंग्टनला म्हातारपणी विचारलं की तुमची सर्वात चांगली लढाई कुठली, तर तो म्हणाला असई. आपल्या जालना जिल्ह्यातलं, भोकरदनजवळचं. २३ सप्टेंबर १८०३. समोर शिंद्यांची कवायती पलटण होती आणि तिच्यावर हुकूम चालत होता पोलमन नावाच्या हॅनोवरच्या माणसाचा. लढाई संपल्यावर हा पोलमन पुढे कंपनीच्याच चाकरीत गेला. जिंकणारा नेपोलियनला हरवून जगप्रसिद्ध झाला, आणि असईत ज्यांनी तोफांची साथ सोडली नाही त्या गोलंदाजांचं नावही कुठे नाही. आमच्या मराठवाड्यातल्या माणसालाही असई हे लढाईचं ठिकाण म्हणून सांगावं लागतं.

निशिगंधा

सगळे पुरुषच चाललेत म्हणून एक चिमटा. संताजी गेल्यावर, राजाराम गेल्यावर, १७०० ते १७०७ औरंगजेबाशी लढाई चालवली कोणी? ताराबाई आज आठवतात त्या शाहूंशी भांडलेल्या राणी म्हणून. त्या सात वर्षांचं श्रेय वाटून घ्यायला मात्र सगळे हजर असतात.

करवीरकर

आमच्या कोल्हापुरात पुतळा आहे हो ताराराणींचा, घोड्यावर, तलवार उपसलेला. कोल्हापूर विसरत नाही.

निशिगंधा

कोल्हापूरच्या बाहेर या की मग.

माणदेशी

चार दिवस वाचत होतो, आता ऱ्हावत नाही म्हणून लिवतो.

मी म्हसवडकडचा. धाग्यात वर 'मान्यांनी मारलं' एवढ्या एका ओळीत लिवून टाकलंय. आमच्याकडं ही गोष्ट दोन बाजूंनी सांगत्यात. नागोजीच्या बायकोचा भाऊ अमृतराव निंबाळकर. १६९६ ला संताजी आणि राजाराम-धनाजी यांची जी लढाई झाली, तिच्यात तो संताजीच्या हाती लागला आणि संताजीनं त्याला हत्तीच्या पायी दिलं. तवा मान्यांच्या घरात सूड पेटला. बायको नवऱ्याला म्हणाली तू जातोस का मी जाऊ, असंबी सांगत्यात. संताजी शिस्तीला लई कडक, चुकीला माफी न्हाई. त्याच शिस्तीवर दोड्डेरी जिंकली आणि त्याच शिस्तीपायी शेवटाला माणसं सोडून गेली.

आणि त्याच लढाईचा दुसरा भागबी लिवतो. ती संताजीनं जिंकली हुती. राजाराम छत्रपती हाती आले तर त्यानं हात बांधून त्यांच्यापुढं उभं ऱ्हाऊन सांगितलं, की मी तुमचाच चाकर. छत्रपतीला हरवून त्याच्यापुढं वाकलेला सेनापती. ह्यो प्रसंग कुठल्या पोवाड्यात घालणार? छत्रपतींना उणं दाखवायचं का संताजीला? शाहीर अडकतोय.

कारखेलच्या बाजूला शंभूमहादेवाच्या डोंगररांगेत समाधी दाखवत्यात. आमच्या वाडवडलांनी मान्यांना शिव्या बी दिल्या न्हाईत आणि संताजीला विसरले बी न्हाईत. गप बसले.

सह्यगंध (धागाकर्ता)

माणदेशी दादा, प्रतिसाद अप्रतिम. माझ्या 'अडचणीचा शेवट'ला इतकी नीट पुष्टी मिळेल असं वाटलं नव्हतं. बेळगावींचा भूगोल आणि करवीरकरांची गादी हे दोन्ही मानतो, पण दोन्ही अनुकूल असते तरी हा प्रसंग सांगताना जीभ अडखळलीच असती.

पेठकर

मला पटत नाही. कर्णाचा शेवट काय कमी अडचणीचा आहे? भावाने मारला, नियम मोडून मारला, देवाने सांगून मारला. तरी कर्ण घराघरात आहे. गोष्ट अडचणीची असली की उलट जास्त रंगते. संताजीला ताकदीचा लेखक मिळाला नाही, एवढंच.

बखरबहाद्दर

पेठकर, कर्णाच्या बाबतीत वंशज फोन करून धमकी देत नाहीत. संताजीवर नाटक लिहायला घ्या, तीन घराण्यांची पत्रं येतील.

पेठकर

:) यावर काही बोलत नाही.

बेळगावी

अवांतर: दोड्डेरी चळ्ळकेरे तालुक्यात येते, बंगळूर-चित्रदुर्ग वाटेवरून आत वळायचं. दिवाळीनंतर आमच्या इथून दोघेतिघे जायचा विचार करतोय. गढीचं काय उरलंय ते फोटोसकट टाकतो. कुणाला यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, गाडीत दोन जागा आहेत.

काडीवाला

एक जागा माझी. पण माँटगोमरीला घेऊ नका.